जाळी लावण्याआधी पकड तपासा: शाळा सुधारणा समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा सुधारणा समित्या, सरकारी मराठी प्राथमिक शाळा,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुके

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागातल्या मराठी शाळांच्या अनेक जुन्या खोल्या अजून वापरात आहेत. खानापूरकडे आणि बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याचे चिरे, निपाणीकडे काळा दगड, कुठे मातीत किंवा चुन्यात रचलेली वीट, वर मंगलोरी कौले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात यातल्या कितीतरी भिंती भिजल्या. त्यानंतर डागडुजीच्या अंदाजपत्रकांत एक नवी ओळ दिसू लागली आहे: ‘फायबरची जाळी लावून भिंत मजबूत करणे’. मी बेळगावात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो आणि अशी अंदाजपत्रके माझ्याकडे अभिप्रायासाठी येतात. त्यांत जाळी किती ताकदीची हे असते, दर चौरस मीटरचा भाव असतो. जाळी आणि माल (म्हणजे सिमेंट किंवा चुना आणि वाळू पाण्यात कालवून केलेले मिश्रण) एकमेकांना किती धरून राहतील, याबद्दल मात्र एक शब्द नसतो. भिंतीचे भवितव्य त्याच गोष्टीवर अवलंबून असल्यामुळे हे पत्र लिहितो आहे.

आधी हे काम काय असते ते सांगतो, कारण समितीतल्या बऱ्याच आयाबापांना ते कुणी नीट समजावलेले नसते. अंदाजपत्रक कानडीत किंवा इंग्रजीत असते, सही तेवढी तुमची घेतात. भिंतीवरचा जुना गिलावा काढायचा, त्यावर साधारण पाच मिलिमीटरचा मालाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच काच, बेसाल्ट किंवा कार्बनच्या धाग्यांची उघड्या घरांची जाळी त्यात दाबायची आणि वरून तेवढाच दुसरा थर चढवायचा. एकूण जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास. दगडाची किंवा विटेची भिंत दाब चांगला सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. पाया खचला, जमीन हलली की ती फाटते. तो ताण जाळीने घ्यायचा, ही कल्पना. पद्धत भरवशाची आहे. जर्मनीत ड्रेस्डेन आणि आखेन इथल्या विद्यापीठांत १९९९ पासून तिच्यावर मोठे संशोधन झाले, इटलीत २००९ च्या लाक्विला भूकंपानंतर दगडी घरांसाठी तिचा वापर वाढला, अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने २०१३ मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. माझा विरोध जाळीला नाही. ती नीट बसवावी एवढाच माझा आग्रह आहे.

भूकंपाचा विषय इथे कशाला, असे काहींना वाटेल. आय.एस. १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये आहे, बंगळूर दुसऱ्या. म्हणजे आपला धोका राजधानीपेक्षा जास्त धरलेला आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत झाला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे गेली, ती बहुतांशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. तसल्या भिंती आपल्याकडेही आहेत आणि काहींच्या आत पहिलीची मुले बसतात.

आता मुद्दा. जाळीचा एक धागा म्हणजे एक तार नव्हे. तो हजारो अतिबारीक तंतूंचा जुडगा असतो. कार्बनच्या एका धाग्यात बारा हजार, चोवीस हजार तंतू असतात आणि एकेक तंतू सात मायक्रॉनच्या आसपास जाड, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. सिमेंटचा सरासरी कण दहा-पंधरा मायक्रॉनचा. तंतूंमधल्या फटी त्याहून अरुंद, म्हणून सिमेंट त्या जुडग्यात शिरूच शकत नाही. बाहेरचे तंतू मालाला चिकटतात, आतले कोरडेच राहतात. उसाची मोळी वरून दोरीने कितीही आवळा, मधला ऊस ओढला की सरकतो; तसेच इथे होते. ताण आला की बाहेरचे तंतू आधी तुटतात, आतले नुसते घसरतात. कंपनीच्या पत्रकात छापलेली ताकद सगळे तंतू एकदम ओढले जातील असे धरून काढलेली असते. उघड्या, लेप नसलेल्या धाग्यांच्या बाबतीत मालात बसल्यावर त्यातली निम्मीदेखील उपयोगात येत नाही, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

यावर उपाय आहेत. धाग्याला कारखान्यातच पॉलिमरचा किंवा इपॉक्सीचा लेप दिला की तंतू एकजीव होतात आणि सगळे मिळून ताण घेतात. पण लेप फार गुळगुळीत झाला तर अख्खा धागाच मालातून सरकतो. म्हणून चांगल्या जाळीवर कधीकधी बारीक वाळू डकवलेली असते. आडव्या-उभ्या धाग्यांचे सांधे पक्के असले तर आडवा धागा उभ्याला खुंटीसारखा अडवतो. मालात मायक्रोसिलिका, म्हणजे सिलिकाची अतिबारीक भुकटी, घातली तर तिचे कण सिमेंटच्या शंभराव्या हिश्श्याइतके असल्याने ते धाग्याच्या अंगाला दाट बसतात. हे सगळे ठेकेदाराला पाठ नसले तरी चालेल. जाळी विकणाऱ्या कंपनीच्या पत्रकात लेप कशाचा आणि माल कोणता हे लिहिलेले असते आणि ते पत्रक मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

नमुन्याची जाळी हातात घ्या. दोन बोटांनी एक धागा ओढा. सांधा सहज सरकला, धागा जाळीतून सुटून आला, तर ती जाळी परत करा. घरे बारीक असली तरी परत करा. हार्डवेअरच्या दुकानात वॉटरप्रूफिंगसाठी मिळणारी पातळ पांढरी जाळी, चौरस मीटरला पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमची, अशा कामात ‘फायबर जाळी’ म्हणून खपवलेली मी पाहिली आहे. ती जाळी लेपातले बारीक तडे रोखायला ठीक. भिंत सांभाळणे तिच्या आवाक्यातले नाही. उलट तिच्या बारीक घरांतून माल आरपार जात नाही, त्यामुळे खालचा आणि वरचा थर जुळत नाहीत आणि मधे एक सुटी पातळी तयार होते. शिवाय साधी काच सिमेंटमध्ये टिकत नाही. सिमेंटचा ओला माल फार अल्कलीयुक्त (क्षारयुक्त) असतो, त्याचा पीएच साडेबाराच्या वर असतो, तो काच खातो. सिमेंटमध्ये घालायच्या काचेत झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड) हवे, साधारण सोळा टक्के किंवा जास्त. तिला अल्कली-रोधक काच म्हणतात. बिलावर तोच शब्द लिहून घ्या.

तालुक्यातल्या एका शाळेत, गावाचे नाव घेत नाही, असे काम एका पावसाळ्यानंतर सुटले. खोलीच्या मागच्या भिंतीवरून दाराएवढा पापुद्रा खाली आला होता. सुदैवाने सुट्टीचा दिवस होता. मी तो तुकडा उलटा करून पाहिला. जाळीच्या धाग्यांच्या खुणा मालात अगदी स्वच्छ उमटल्या होत्या आणि धागे त्यांतून अलगद उचलता येत होते. त्यांना मालाचा कणही चिकटलेला नव्हता. भिंतीवर राहिलेल्या थराच्या कडेला जुन्या ऑइल पेंटचा निळा पट्टा दिसत होता, तोच पट्टा ज्यावर आपल्या शाळांत बाराखडी आणि पाढे रंगवलेले असतात. म्हणजे पकड दोन ठिकाणी सुटली होती: जाळी मालाला धरत नव्हती आणि माल भिंतीला. कागदावर त्या जाळीची ताकद भरपूर होती. बिलही पूर्ण दिले गेले होते.

अशा तुकड्याकडे कसे पाहायचे हे कळले तर समितीला निम्मे इंजिनिअरिंग येते. जाळीचे काम कुठे सुटले, हा पहिला प्रश्न. रायलेम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तांत्रिक समितीने २०१८ मध्ये जाळीची पकड ओढून तपासण्याच्या चाचणीची जी शिफारस प्रसिद्ध केली, तिच्यात तुटण्याच्या जागांनुसारच निकाल नोंदवायला सांगितले आहे. चिऱ्याचा किंवा विटेचा पापुद्रा मालासकट निघाला तर माल आणि जाळी आपले काम करत होती, भिंतच कमकुवत होती. माल भिंतीपासून स्वच्छ सुटला तर पृष्ठभाग नीट तयार केला नाही. जाळीच्या पातळीवर दोन थर वेगळे झाले तर जाळीची घरे बारीक किंवा माल दाबला नाही. धागा मालातून घसरला तर लेप किंवा लांबी अपुरी. आणि धागा तुटला, तर त्याची पूर्ण ताकद वापरली गेली. किती किलोला सुटले हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण कुठून सुटले हे त्याहून जास्त सांगून जाते.

लांबीचेही ऐका. जाळी भिंतीवर जितकी पुढे न्यावी तितकी पकड वाढत जाते, असे नाही. एका लांबीनंतर वाढ थांबते. बहुतेक प्रयोगांत ही लांबी दोनशे ते तीनशे मिलिमीटरच्या आसपास निघाली आहे. याचा उलटा अर्थ फार कामाचा आहे: तड्याच्या पलीकडे जाळी दोन्ही बाजूंना एवढीही गेली नसेल तर ती असून नसल्यासारखी. तड्यावर वीतभर रुंदीची पट्टी मारून मोकळे होणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार, आणि त्यात दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धी-अर्धी वीत मिळते. जाळीच्या दोन तुकड्यांचा जोडही असाच. माझ्या कामात मी तीनशे मिलिमीटरपेक्षा कमी ओव्हरलॅप मान्य करत नाही.

पृष्ठभाग तयार करणे, हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. शाळेच्या भिंतीवर कितीतरी वर्षांचे चुन्याचे हात असतात, त्यावर डिस्टेंपर, खाली ऑइल पेंट. ते सगळे चिऱ्यापर्यंत खरवडून काढायला हवे. सांधे बोटाच्या पेरभर खोल मोकळे करायचे, धूळ तारेच्या ब्रशने झाडायची आणि पाण्याने धुवायची. जांभा सच्छिद्र आहे, माल त्याच्या भोकांत शिरून घट्ट बसतो, पण भोके धुळीने बुजलेली असतील तर तोच जांभा माल सोडतो. काळ्या दगडाचे उलट आहे. तो गुळगुळीत आणि पाणी न पिणारा, त्याला छिन्नीने टाचे मारून खरबरीत केल्याशिवाय माल धरत नाही. आपले गवंडी हे जाणतात. मजुरी चौरस फुटावर ठरली की मात्र टाचे मारायला कुणाला सवड नसते, म्हणून पृष्ठभागाच्या तयारीचा दर वेगळा लिहा आणि तो हात आखडून ठरवू नका.

मालाबद्दल दोन गोष्टी. नदीची वाळू आता मिळत नाही, सगळीकडे एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) आहे, आणि तिच्यात भुकटी फार असली तर माल जास्त पाणी मागतो, आकसतो आणि सुटतो. या कामाला वाळू चाळून, दोन मिलिमीटरच्या आतली हवी, नाहीतर ती जाळीच्या घरांत अडकते. दुसरे, भिंत मातीत किंवा चुन्यात रचलेली असेल तर तिच्यावर कडक सिमेंटचा माल चढवू नका. ओल आत कोंडते, आणि कडक थर मऊ भिंतीपासून स्वतःच सुटतो. तिथे हायड्रॉलिक चुन्याचा, म्हणजे पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्याचा, माल योग्य. चुना म्हटले की अधिकारी नाक मुरडतात. तरी लिहून मागा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र वेळापत्रक करते. निधी मार्चअखेर खर्ची दाखवायचा आणि काम मात्र एप्रिल-मेच्या सुट्टीत काढायचे, असे चालते. एक सेंटिमीटरचा थर, खाली तहानलेला जांभा, वर वैशाखातले ऊन आणि वारा. त्या थरातले पाणी तासाभरात दोन्ही बाजूंनी उडते. सिमेंटला बळ धरायला पाणी लागते, ते नसेल तर धाग्याभोवती नुसती भुकटी उरते. मग जूनमध्ये पाऊस येतो आणि ती भुकटी भिजवतो. हेच काम दसऱ्याच्या सुट्टीत केले तर भिंत आतून ओलसर असते, हवा सौम्य असते आणि पुढे कोरडे महिने असतात. उन्हाळ्यातच करावे लागले तर आदल्या दिवसापासून भिंत भिजवा, माल लावताना ती आतून ओली पण वरून पाणी न चमकणारी असू द्या, आणि नंतर किमान सात दिवस ओली पोती टांगून ठेवा. दिवसातून दोनदा पाइपने फवारा मारला म्हणजे क्युरिंग (माल ओला ठेवून पक्का होऊ देणे) झाले असे समजू नका.

आता समितीने नेमके काय करायचे. काम सुरू करण्याआधी शाळेच्याच एका भिंतीवर, मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी, मीटरभर चौरसाचा नमुना लावून घ्या. तीच जाळी, तोच माल, तेच गवंडी. अठ्ठावीस दिवसांनी त्यावर ओढून पाहण्याची चाचणी करा. थराला भिंतीपर्यंत गोल काप घेतात, पन्नास मिलिमीटर व्यासाची धातूची चकती इपॉक्सीने चिकटवतात आणि यंत्राने सरळ बाहेर ओढतात. यंत्र हातात उचलून नेण्याएवढे असते. चकतीला चिऱ्याचा तुकडा लागून आला तर काम पुढे न्या. चकतीखाली जाळी उघडी दिसली तर तिथेच थांबा. या चाचणीत भिंतीला काटकोनातली पकड कळते. भिंतीच्या अंगाने ओढल्यावर काय होते ते पाहायला प्रयोगशाळाच लागते. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, स्थापत्य शाखा चालवणारी महाविद्यालये आहेत, ओढ-दाबाची यंत्रे आहेत. जांभ्याच्या चिऱ्यावर जाळीची पट्टी चिकटवून ती ओढून पाहणे हा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साजेसा प्रकल्प आहे. परदेशातले आकडे भाजक्या विटेचे आणि तिथल्या दगडाचे आहेत. आपल्या जांभ्याचे आकडे आपणच काढायला हवेत. समित्यांनी मिळून महाविद्यालयांना तसे पत्र द्यावे, माझ्या ओळखीतल्या प्राध्यापकांशी मी स्वतः बोलेन.

ठेकेदाराशी करार करताना ठराव असा लिहा: ‘जाळी अल्कली-रोधक काचेची वा बेसाल्टची, लेप दिलेली असावी, नमुना-भिंतीवरील ओढ चाचणीत थर जाळीच्या पातळीवर वा मालाच्या तळातून सुटल्यास काम नाकारले जाईल, अंतिम बिलातील दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा गेल्यावर आणि समितीसमक्ष ठोकून पाहणी केल्यावर दिली जाईल.’ हे मराठीत लिहा, खाली कानडी भाषांतर जोडा आणि दोन्हींवर सही घ्या. दहा टक्के थांबवण्यावर ठेकेदार कुरकुरतील. प्रामाणिक ठेकेदाराला याची अडचण होत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. किल्लारीतल्या भिंतींसारख्या जाड दगडी भिंती दोन पाखांच्या असतात, म्हणजे आतून एक आणि बाहेरून एक असे दगडांचे दोन थर, मधे खडी-माती भरलेली. दोन्ही पाखांना बांधणारा आरपार दगड नसेल तर आतबाहेर जाळी लावूनही पाखे वेगळी होतात. तिथे भिंतीतून आरपार जोडखुंट्या टाकून दोन्हीकडची जाळी एकमेकींना बांधावी लागते. तुमच्या अंदाजपत्रकात त्या खुंट्यांची ओळ नसेल तर अंदाजपत्रक अपुरे आहे.

ज्या शाळांत हे काम आधीच झाले आहे, त्यांनी या आठवड्यात एवढे करावे. लाकडी मुठीने किंवा लहान हातोडीने भिंतभर हलके ठोका. टणक आवाज आला तर ठीक. भदभद वाजले तिथे खडूने गोल करा. तडेही पाहा. बारीक आणि पुष्कळ तडे दिसले तर घाबरू नका, जाळी ताण वाटून घेते आहे. एकच तडा असेल आणि त्यात नख शिरत असेल तर तिथे धागा घसरतो आहे. खडूचे गोल दाराएवढ्या जागेत एकमेकांना भिडले तर त्या भिंतीलगतचे बाक लगेच हलवा आणि ती बाजू दोरी लावून बंद करा. वरून पुट्टी किंवा रंग मारून झाकू देऊ नका. फोटो काढा, तारीख टाका आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. पोच मिळेपर्यंत त्या खोलीत वर्ग भरवू नका, व्हरांड्यात बसवा.

आपला,
बेळगावातील एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सरकारी मराठी शाळेचा माजी विद्यार्थी